वाजवायची कवळी

पास्कोल मिरांडा, उथळसर.
वरची पूर्ण, खालची अर्धी.
वहीत एवढंच आहे,
आणि समोर: बाकी पंचेचाळीस रुपये.

मी दात करायचो. डॉक्टर वर्टी मापं पाठवायचे,
मी चरईत, जिन्याखालच्या खोलीत
प्लास्टर ओतायचो, मेण कापायचो.
गिऱ्हाइकाचं तोंड मला दिसायचं नाही,
फक्त त्याचं चावणं.
हा एकटाच वाकून आत आला
आणि म्हणाला, हे दात जेवतान, पन वाजत नाय.

कापडी पिशवीतून ट्रंपेट काढलं.
वरातीतल्यासारखं चकचकीत नव्हतं,
बोटांनी खाल्लेलं, धरायच्या जागी फिकट.
ओठावर गोल वळ होता
टेबलावर रोज एकाच जागी
गरम कप ठेवल्यावर उठतो तसा.

तरुणपणी कुलाब्याच्या हॉटेलांत जॅझ वाजवला.
हॉटेलांनी बाजे बंद केले
तेव्हा सिनेमाच्या गाण्यांत, मागच्या खुर्चीवर.
तबकडीच्या पाकिटावर गाणारीचं नाव,
लिहिणाऱ्याचं, चाल लावणाऱ्याचं,
आणि तळाशी बारीक टायपात
‘आणि वाद्यवृंद’.
त्यातल्या ‘आणि’त मी बसायचो, म्हणायचा.
पुढे वागळे इस्टेटमध्ये बिस्किटांची रात्रपाळी.

मला जॅझ कळत नव्हता. अजूनही नाही.
त्यानं सांगितलं ते असं:
सुरावर वेळेत पोचायचं नाही.
लग्नाला मुद्दाम उशिरा जाणारा मामा असतो ना,
सगळे वाट बघतात, तो येतो,
आणि कुणी रागावत नाही.
ओठ कसे धरायचे तेही दाखवलं:
जिभेच्या टोकाला भाताचं तूस आलंय,
ते हात न लावता थुंकायचंय.

सात वेळा कवळी घासली.
पुढचे दोन दात केसभर आत, मग अर्धा केस बाहेर.
प्रत्येक वेळी तो ती घालून
चेंदणीच्या बंदरावर जायचा, खाडीकडे तोंड करून वाजवायचा,
आणि येऊन हिशेब द्यायचा:
आज पान्यातच परला.
आज मधल्या होडीपर्यंत.
सातव्यांदा जिन्यातूनच ओरडला, कळव्याला गेला रे, कळव्याला!
मी त्याला जेवायला वेगळी कवळी करून दिली.
ही चावायला नाही, बजावलं, हिला पोळी दाखवायची नाही.

जुने वादक शोधत मुंबईहून काही मुलं आली एकदा.
घरात यंत्रं मांडली, पंखा बंद करायला लावला.
ऐकलं. म्हणाली,
वयाच्या मानानं फारच छान.
नंतर काही कळवलं नाही.
चणे आले तेव्हा दात नव्हते, असं मी म्हणणार होतो,
पण दात होते. मीच केले होते.

गेला त्या पहाटे त्याची ब्लांश
दोन डब्या घेऊन जिन्याखाली उभी.
पप्पांना कुठली घालू?
गाल बसलेत, लोक बघायला येतील.
एक जेवायची, एक वाजवायची,
बाहेरून दोन्ही सारख्याच, मलाच फरक ठाऊक.
मी हातात घेऊन पाहत राहिलो.
जेवायचीनं चेहरा नीट भरला असता.
दुसरीनं वरचा ओठ जरा पुढे येतो,
काहीतरी बोलायचं राहिल्यासारखा.
ती दुसरी दिली.

चर्चमध्ये ऑर्गन वाजला. ट्रंपेट कुणाला येत नव्हतं.
फादरनी त्याला कष्टाळू कामगार म्हटलं,
तेही खरंच.

त्याचा साचा माझ्या फळीवर आहे,
वर्टींच्या इतर पेशंटांमध्ये, जबडा उघडा.
दिवाळीला फळी आवरताना
मी त्याच्यावर फुंकर मारतो.
धूळ उडते, सूर वगैरे काही येत नाही.
फक्त माझे ओठ, न सांगता,
त्या तुसासाठी बारीक होतात.

आणि ते पंचेचाळीस रुपये
मी अजून खोडले नाहीत.